तीन गोळ्या चालू, तरी सकाळचं बीपी वरच: स्लीप ॲप्नियाचा (झोपेत श्वास अडकण्याचा) हृदयाशी संबंध किती?

गोरेवाडा_४४

भाऊजींचे आकडे सरळ देतो. वय ५२, उंची १७२ सेमी, वजन ९४ किलो, गळ्याचा घेर ४३ सेमी. बीपीच्या गोळ्या: टेल्मिसार्टन ८०, ॲम्लोडिपिन १०, क्लोरथॅलिडोन १२.५, तिन्ही सकाळी, एकही दिवस चुकत नाही. तरी घरचं बीपी सकाळी १५६/९८ च्या आसपास आणि संध्याकाळी १३८/८६.

घरी केलेली झोपेची तपासणी: नोंद ६ तास ४० मिनिटं, एएचआय (तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबतो किंवा उथळ होतो तो आकडा) ३८, त्यात सेंट्रल प्रकार (मेंदूकडूनच श्वासाचा इशारा न येणं) नगण्य. ऑक्सिजन सर्वांत खाली ७१ टक्के, ९० च्या खाली एकूण वेळेच्या २२ टक्के. इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) डाव्या कप्प्याची भिंत १३ मिमी, डावा वरचा कप्पा ४२ मिमी, पंपिंग ६० टक्के. हिमोग्लोबिन १७.२, पोटॅशियम ३.९, क्रिएटिनिन नॉर्मल, एचबीएवनसी ६.३. रात्री तीनदा लघवीला उठतात. प्रोस्टेट ठीक निघालं.

विचारायचं असं: ही हृदयाची भिंत जाड होणं आणि झोपेत श्वास अडकणं यांचा खरंच संबंध आहे का, की दोन्ही फक्त वजनामुळे? सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र) लावलं तर गोळ्या सुटतील का? आणि नागपूरच्या मे महिन्यात, कूलर चालू असताना, लाईट जात असताना हे यंत्र रात्रभर चालवायचं कसं?

श्वासमार्ग

वजनाचा वाटा आहेच, पण तेवढ्यावर हे आकडे जुळत नाहीत. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही गोळ्या दिवसभर टिकणाऱ्या आहेत, त्यामुळे सकाळचं बीपी गोळीचा असर संपल्यामुळे वाढलं असं म्हणता येत नाही. संध्याकाळपेक्षा सकाळी बीपी इतकं जास्त असेल तर रात्री काय घडतंय तिकडे आधी बघायचं.

तपासणीचा आलेख मागून घ्या आणि त्यातली दोन मिनिटं मोठी करून बघा. नाकापुढच्या नळीची रेघ सपाट होते, म्हणजे हवा थांबली. पण छातीचा आणि पोटाचा पट्टा हलतच राहतो, तोही उलटसुलट, छाती आत तर पोट बाहेर. मेंदू श्वास मागतोय आणि जिभेमागची वाट मिटलेली आहे. हवा निदान १० सेकंद थांबली तर ती एक घटना धरतात. प्रत्यक्षात २०-३० सेकंद सहज जातात. ऑक्सिजनचा तळ दिसतो तो श्वास परत सुरू झाल्यावर, कारण फुप्फुसातलं रक्त बोटापर्यंत पोचायला वेळ लागतो. श्वास सुटतो त्याच क्षणी मेंदू काही सेकंद जागा होतो, मोठा घोरण्याचा आवाज येतो, नाडी एकदम वाढते आणि बीपी उसळतं. माणसाला यातलं काही आठवत नाही. भाऊजींच्या त्या एका रात्रीत असं सुमारे अडीचशे वेळा झालं, आणि २२ टक्के म्हणजे जवळजवळ ८८ मिनिटं रक्तात ऑक्सिजन ९० च्या खाली होता.

आता हृदयावर काय येतं ते बघा. बंद वाटेविरुद्ध श्वास ओढताना छातीच्या आतला दाब उणे होतो. समजा तो उणे ४० मिमी झाला आणि त्या वेळी महाधमनीत १६० आहे. मग डाव्या कप्प्याला रक्त बाहेर ढकलायला २०० विरुद्ध जोर लावावा लागतो. हाताला पट्टा बांधून हे कधी दिसणार नाही, पण भिंत त्याच भाराने जाड होते. याच उणे दाबाने वरचे कप्पे ताणले जातात. ताणलेला कप्पा एएनपी नावाचं संप्रेरक सोडतो आणि मूत्रपिंड जास्त पाणी बाहेर टाकतं. प्रोस्टेट ठीक असताना तीनदा उठावं लागतं त्यामागे बऱ्याचदा हे असतं.

दुसरा मार सिंपथेटिक मज्जासंस्थेचा. ऑक्सिजन पडला, कार्बन डायऑक्साइड चढला की ती पेटते आणि रक्तवाहिन्या आवळते. वाईट हे की ती सकाळी उठल्यावर शांत होत नाही, जागेपणीही चढलेलीच राहते. तिसरा मार रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर. ऑक्सिजन एकदाच कमी होऊन तसाच राहणं वेगळं आणि रात्रभर पडून-चढून-पडून होणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात दर वेळी ऑक्सिजन परतताना ऑक्सिडेटिव्ह ताण तयार होतो, अस्तरातलं नायट्रिक ऑक्साइड कमी होतं आणि वाहिनीचं सैल होणं मंदावतं.

हिमोग्लोबिन १७.२ हेही रात्रीच्या कमी ऑक्सिजनमुळे असू शकतं. एक स्वस्त तपासणी सुचवतो: रक्तातलं बायकार्बोनेट. ते २७ किंवा जास्त आलं तर दिवसाही कार्बन डायऑक्साइड साठतोय का हे बघायला धमनीतल्या रक्ताची तपासणी करावी लागते. तसं निघालं तर साधं सीपॅप पुरेल की बायपॅप (श्वास घेताना आणि सोडताना वेगळा दाब देणारं यंत्र) लागेल, हा निर्णय बदलतो.

इको_कक्ष

हृदयाच्या बाजूने पुढचं. तीन गोळ्या पूर्ण मात्रेत, त्यात एक लघवीची, आणि तरी बीपी लक्ष्यावर येत नाही, याला रेझिस्टंट हायपरटेन्शन म्हणतात. पण तो शिक्का मारण्याआधी मोजमाप तपासा. भाऊजींच्या दंडाचा घेर टेपने मोजा. घरगुती यंत्राबरोबर येणारा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेमीचा असतो. ९४ किलोच्या माणसाचा दंड ३४-३५ सेमी निघणं सहज शक्य आहे, आणि लहान पट्टा बीपी खोटं वाढवून दाखवतो. मोठा पट्टा वेगळा मिळतो. मग सात दिवस सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, पाच मिनिटं पाठ टेकून बसल्यावर, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा.

त्याहून उपयोगी म्हणजे २४ तासांचं बीपी रेकॉर्डिंग. निरोगी माणसाचं बीपी झोपेत १० ते २० टक्के उतरतं. स्लीप ॲप्नियात ते बऱ्याचदा उतरतच नाही, कधी दिवसापेक्षा वर जातं. दवाखान्यात १३६/८४ दिसणारा माणूस रात्रभर १५० वर राहू शकतो, आणि धोक्याचा अंदाज दिवसाच्या बीपीपेक्षा रात्रीच्या बीपीवरून जास्त नीट बांधता येतो. म्हणून हे रेकॉर्डिंग यंत्र सुरू करण्याआधी एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा करा. फरक तिथेच कळेल.

गोळ्या सुटतील का? नाही, आणि ही अपेक्षा आधीच काढून टाका. सीपॅपने बीपी सरासरी दोन-तीन मिमीच उतरतं. रेझिस्टंट रुग्णांवर स्पेनमध्ये झालेल्या, २०१३ मध्ये छापून आलेल्या चाचणीत १२ आठवड्यांत २४ तासांची सरासरी ३ मिमीच्या आसपास जास्त उतरली, आणि रात्री बीपी उतरण्याचा नैसर्गिक क्रम जास्त जणांत परत आला. जितके तास यंत्र लावलं तितका फायदा जास्त, हेही त्यात दिसलं. चौथी गोळी लागली तर बहुधा स्पायरोनोलॅक्टोन येईल. ॲप्निया आणि जास्तीचं अल्डोस्टेरॉन (शरीरात मीठ-पाणी धरून ठेवणारं संप्रेरक) ही जोडी वारंवार आढळते, म्हणून त्याआधी अल्डोस्टेरॉन-रेनिनचं गुणोत्तर तपासून घ्यायला डॉक्टरांना सांगा. टेल्मिसार्टनसोबत स्पायरोनोलॅक्टोन म्हणजे पोटॅशियम वाढण्याचा धोका. सुरू केल्यावर एका आठवड्याने आणि महिन्याने रक्त तपासणं सोडू नका.

वरचा कप्पा ४२ मिमी आहे, ही मला या रिपोर्टमधली सर्वांत लक्ष देण्याची गोष्ट वाटते. ताणलेल्या कप्प्यात एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांची लय बिघडणं, सुरू होतं, आणि ते पक्षाघाताचं मोठं कारण आहे. ॲप्नियावर उपचार नसेल तर शॉक देऊन किंवा ॲब्लेशन (बिघडलेले ठोके सुरू करणारा भाग नळीतून निकामी करणं) करून ठोके लयीत आणल्यावरही ते पुन्हा बिघडण्याचं प्रमाण जास्त असतं. धडधड, नाडी अनियमित लागणं, असं काहीही असेल तर होल्टर (दिवसरात्र ठोके नोंदणारं छोटं यंत्र) लावा. होल्टरमध्ये रात्री ठोके खूप मंदावलेले किंवा काही सेकंद थांबलेले दिसले तर लगेच पेसमेकरकडे धावू नका. श्वास अडकलेला असताना असे विराम पडतात आणि सीपॅपने बऱ्याच जणांचे जातात. ते थांबे फक्त झोपेत आहेत की जागेपणीही, हे आधी विचारा.

गोरेवाडा_४४

दोघांचेही आभार, पट्ट्याचं तर डोक्यातच आलं नव्हतं. पण खरी अडचण पुढे आहे. भाऊजी ऐकून नाही राहिले. त्यांना दिवसा झोप येत नाही, एपवर्थ (दिवसाच्या झोपाळूपणाची २४ गुणांची प्रश्नावली) फक्त ९. "मला त्रासच नाही तर नाकाला नळी कशाला," असं म्हणतात. शोरूमवाल्यानं चाचणीसाठी दिलेलं ऑटो-सीपॅप (गरजेप्रमाणे दाब आपोआप बदलणारं) रात्री दीड-दोनला काढून ठेवतात. शिवाय त्यांनी कुठेतरी वाचलं की मोठ्या अभ्यासात सीपॅपने हार्ट अटॅक कमी झालेच नाहीत. हे खरं आहे का?

इको_कक्ष

खरं आहे, आणि ते त्यांच्यापासून लपवू नका. २०१६ चा सेव्ह नावाचा अभ्यास: हृदयविकार किंवा पक्षाघात आधीच असलेले २७१७ रुग्ण, अर्ध्यांना सीपॅप. हृदयाच्या घटनांत फरक पडला नाही. पण त्यात यंत्राचा सरासरी वापर रात्री ३.३ तास होता, आणि फार झोपाळू तसेच ऑक्सिजन फार घसरणारे रुग्ण मुळातच वगळले होते. पुढे २०२३ मध्ये असे तीन अभ्यास, एकूण ४१८६ रुग्ण, एकत्र करून पाहिले. रोज चार तास किंवा जास्त वापरणाऱ्यांत घटनांचा धोका सुमारे ३१ टक्के कमी दिसला. यातही मेख आहे. नेमाने यंत्र लावणारा माणूस गोळ्याही नेमाने घेतो, त्यामुळे सगळं श्रेय यंत्राला देता येत नाही. तरी भाऊजींसाठी अर्थ स्पष्ट आहे: दोन वाजता काढलेलं यंत्र म्हणजे ज्या अभ्यासात फायदा दिसला नाही तोच वापर.

श्वासमार्ग

त्याला एक कारण जोडतो, ते भाऊजींना आलेखावर दाखवा. रेम झोप, म्हणजे स्वप्नांची झोप, रात्रीच्या उत्तरार्धात लांबत जाते. तेव्हा घशाचे स्नायू सर्वांत सैल असतात, श्वास जास्त वेळ अडकतो आणि ऑक्सिजन जास्त खोल पडतो. तो ७१ चा तळ कोणत्या वेळचा आहे ते रिपोर्टमध्ये शोधा. पहाटे ३ ते ६ मधला असण्याची शक्यता मोठी. अकरा ते दोन यंत्र लावून पुढे काढलं तर सोपा भाग झाकला आणि कठीण भाग उघडा टाकला.

दिवसा झोप न येणं हे हृदय सुरक्षित असल्याचं लक्षण नाही. त्यांचा ऑक्सिजनचा आकडा झोपाळूपणापेक्षा मोठा पुरावा आहे. आणि ते समृद्धीवर गाडी चालवत असतील तर तो सरळ सपाट रस्ता आणि तुटलेली झोप, हा हृदयाहूनही तातडीचा विषय आहे.

झोपशाळा_तंत्रज्ञ

दीड-दोनला यंत्र काढलं जातं त्याचं कारण बहुतेक वेळा यंत्रातच सापडतं. हे क्रमाने बघा.

शोरूममधून ऑटो यंत्र बऱ्याचदा हवेचा दाब ४ ते २० या कारखान्याच्या सेटिंगवर येतं. ४ वर मोठ्या अंगाच्या माणसाला हवा पुरत नाही आणि गुदमरल्यासारखं होतं, मग मध्यरात्री दाब १५-१६ वर गेला की मास्क फुगून गळतो आणि जाग येते. आठवडाभराचा डेटा काढा. त्यात ९५ टक्के वेळचा दाब दिसेल. तो समजा १२ असेल तर डॉक्टर ८ ते १४ असा आटोपशीर पट्टा बांधून देतात. गळतीही त्याच डेटात असते. रेसमेड कंपनीच्या यंत्रात मिनिटाला २४ लिटरच्या वर गेली तर मास्क बदला किंवा बसवणी सुधारा. यंत्र लावूनही उरलेला एएचआय ५ च्या खाली हवा. तो वर असेल आणि त्यातल्या घटना सेंट्रल प्रकारच्या दिसत असतील तर दाब वाढवू नका, डॉक्टरांना दाखवा, कारण जास्त दाबानेही सेंट्रल घटना सुरू होतात.

मास्कची मापं आडवं झोपून घ्यायची, बसून नाही. झोपल्यावर गाल पसरतात. पट्टे यंत्र चालू ठेवून, दाब आल्यावर ओढा. घट्ट आवळला की गळती थांबते हा गैरसमज, उलट मास्कची गादी दुमडते. जाड मिशी असेल तर नाकपुडीत बसणारा पिलो प्रकार आधी वापरून बघा. तोंड उघडं पडत असेल तर नाक चोंदलंय का ते पाहा. झोपण्याआधी मिठाच्या पाण्याने नाक धुवा, नाहीतर फुल-फेस मास्क.

आता उन्हाळा. बहुतेक यंत्रांची चालण्याची मर्यादा ३५ अंशांपर्यंत असते, आणि यंत्रातून येणारी हवा खोलीपेक्षा थोडी गरमच असते. वरच्या मजल्यावरची स्लॅबखालची खोली मे महिन्यात रात्री अकरालाही ३५ च्या वर असू शकते. खालच्या खोलीत झोपा, किंवा खोली थंड झाल्यावरच यंत्र लावा. कूलर चालू असेल तर हवेत दमटपणा पुरेसा असतो, ह्युमिडिफायर (यंत्राची हवा दमट करणारी पाण्याची टाकी) बंद ठेवा किंवा १ वर. एसी असेल तर ३-४ लागेल. यंत्र कूलरच्या झोतासमोर ठेवू नका, पाण्याचे कण फिल्टरमध्ये बसतात. कूलरची टाकी आठवड्याला रिकामी करून घासा आणि कुबट वास येणारी वाळ्याची ताटी बदला. तीच हवा आता दाबाने फुप्फुसात जाणार आहे. आपल्याकडची धूळ पाहता फिल्टर दर आठवड्याला उजेडात धरून बघा आणि राखाडी झाला की बदला, महिने मोजू नका. ह्युमिडिफायरच्या टाकीत फक्त डिस्टिल्ड पाणी, सकाळी उरलेलं ओतून टाकी कोरडी. बोअरच्या पाण्याने तळाला पांढरा थर बसतो.

डिसेंबर-जानेवारीत उलटा त्रास होतो. थंड खोलीत नळीच्या आत पाणी साचतं आणि नाकात थेंब पडतात. तेव्हा दमटपणा एक आकडा कमी करा आणि नळी पांघरुणाखालून घ्या.

लाईट गेल्यावर: ह्युमिडिफायर आणि तापणारी नळी बंद असेल तर यंत्र साधारण ३०-४० वॉट घेतं. आठ तासांचे ३०० वॉट-तास धरा. १५० एएचची चांगली बॅटरी पंख्यासकट एवढं देते. ह्युमिडिफायर चालू ठेवलात तर खर्च दुप्पट-तिप्पट होतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा. एकदा दिवसा मेन स्विच पाडून बघा, इन्व्हर्टरवर जाताना यंत्र बंद पडतं का आणि आपोआप परत सुरू होतं का. काही मॉडेलांत बटण पुन्हा दाबावं लागतं, आणि झोपलेला माणूस ते दाबत नाही.

जुनं यंत्र स्वस्तात मिळतंय म्हणून घेताना मॉडेल तपासा. फिलिप्सने जून २०२१ मध्ये आतला फोम झिजतो म्हणून बरीच मॉडेल्स परत बोलावली होती.

गोरेवाडा_४४

बरोबर, सेटिंग ४ ते २० वरच आहे, आत्ताच पाहिलं. शेवटचं: ईएनटीवाल्यांनी नाकाचं वाकडं हाड नीट करायला सांगितलंय, त्याने हे सगळं जाईल का? आणि भाऊजी खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) सोडत नाहीत, दिवसाला चार-पाच पुड्या.

श्वासमार्ग

नाकाच्या ऑपरेशनने एवढा एएचआय सहसा जात नाही, कारण अडथळा जिभेमागे आणि टाळूमागे आहे. नाक मोकळं झालं की कमी दाबात काम भागतं आणि मास्क सोसतो, एवढा फायदा मात्र खरा. ऑपरेशन केलंच तर भूलतज्ज्ञांना ॲप्निया आहे हे आधी सांगा आणि यंत्र दवाखान्यात सोबत न्या.

खर्ऱ्यातलं निकोटिन नाडी आणि बीपी दोन्ही वाढवतं, आणि जेवणानंतरची शेवटची पुडी नेमकी झोपेच्या तोंडावर येते. एकदम सुटत नसेल तर आधी संध्याकाळी सातनंतरची बंद करा, मग पुढचं. तंबाखू सोडवण्याच्या मदतीची चौकशी नागपूरच्या मेडिकलला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा मिहानच्या एम्सला करता येईल. दारू असेल तर झोपेच्या तीन-चार तास आधी थांबवा. झोप लागत नाही म्हणून अल्प्राझोलामसारखी गोळी स्वतःहून देऊ नका, ती घशाचे स्नायू अजून सैल करते. मीठ कमी करा, विशेषतः रात्रीचं सावजी आणि पापड-लोणचं. दिवसभर पायात साठलेलं पाणी आडवं झाल्यावर गळ्याकडे सरकतं आणि श्वासाची वाट अरुंद करतं. संध्याकाळी पायावर सूज दिसत असेल तर अर्धा तास चालून मग झोपा.

वजन १० टक्के घटलं, म्हणजे इथे साडेनऊ किलो, तर एएचआय सरासरी २६ टक्के घटतो असं विस्कॉन्सिनच्या दीर्घ अभ्यासात दिसलं. ३८ चा २८ होईल, म्हणजे यंत्र सुटणार नाही, पण लागणारा दाब कमी होऊ शकतो. टिर्झेपटाइडच्या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणासोबतच्या मध्यम-तीव्र ॲप्नियासाठी मान्यता मिळाली. भाऊजींचा बीएमआय ३१.८ आहे, त्यामुळे डॉक्टरांशी बोलण्यासारखा विषय आहे.

इको_कक्ष

हा धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन गोष्टी. ज्यांचं पंपिंग ४५ टक्के किंवा कमी आहे आणि ॲप्निया मुख्यतः सेंट्रल प्रकारचा आहे, त्यांनी एएसव्ही प्रकारचं (दर श्वासागणिक दाब आपोआप बदलणारं) यंत्र घेऊ नये. २०१५ च्या सर्व्ह-एचएफ अभ्यासात अशा रुग्णांचे हृदयविकाराने मृत्यू वाढले होते. अशांची तपासणीही घरच्या यंत्रावर न करता प्रयोगशाळेत रात्रभर झोपवूनच करावी.

दुसरं, ज्यांना पेसमेकर किंवा आयसीडी (ठोके धोकादायक बिघडले तर आतून शॉक देणारं उपकरण) बसवलाय त्यांनी मास्कच्या क्लिपा तपासा. काही मास्कमध्ये चुंबकाच्या क्लिपा असतात आणि त्या उपकरणाच्या जवळ आल्या तर त्याचं काम बिघडवू शकतात. निदान १५ सेमी अंतर सांगितलेलं असतं, पण झोपेत सुटलेला मास्क छातीवरच येऊन पडतो. त्याच किंवा दुसऱ्या कंपनीचा बिनचुंबकाचा मास्क घ्या. घरात शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर असेल तरी हेच लागू आहे.